आधीं ओळख, मग दुरुस्ती

गेल्या दिवाळींत आमच्या धाकट्या बहिणीचा नातू नॉर्वे देशाहून चार आठवड्यांच्या सुटीवर आला होता. तिकडे अगदीं उत्तरेस ट्रोम्सो म्हणून गांव आहे, तेथील विद्यापीठांत तो भाषाशास्त्राचा अभ्यास करतो. आम्हीं लिहून ठेविलेला एक लेख संगणकावर उतरवून देण्याचें काम त्यानें आपण होऊन पत्करलें, आणि थोड्या वेळानें आम्हांस पडद्याजवळ बोलाविलें. पाहतों तों पानावर लाल रेघांचा नुसता सडा पडलेला! 'नाहीं' खालीं रेघ, 'कांहीं' खालीं रेघ. 'तें', 'जेव्हां', 'नांव' यांपैकीं एकहि शब्द सुटला नव्हता.

हे अनुस्वार आम्हांस वडिलांकडून आले आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ सालीं व आणखी चार १९७२ सालीं मान्य झाले. त्यांत या अनुच्चारित अनुस्वारांना रजा मिळाली. शाळेंत आम्हीं सारा जन्म नवे नियमच शिकविले आणि गुणहि त्यांप्रमाणेंच दिले. पण घरच्या पत्रांतून व लेखांतून वडिलांचें वळण सुटलें नाहीं तें नाहींच. तेव्हां त्या रेघा नियमास धरून होत्या हें आम्हांस कबूल आहे. तरीहि त्या मनाला लागल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांवर तांबडी शाई चालविली, ती आज आमच्याच पानावर उलटली होती.

"या यंत्राला हे नियम शिकविले कोणीं?" आम्हीं जरा तिरसटपणेंच विचारिलें.

"आजोबा, हें नियम शिकलेलेंच नाहीं," तो हंसून म्हणाला. "याच्याजवळ शब्दांची मोठी यादी आहे. यादींत सांपडला नाहीं तो शब्द चूक, एवढेंच याला कळतें. व्याकरण शिकलेलीं यंत्रें निराळीं. तीं आमच्या विद्यापीठांत करतात. पण मराठीसाठीं नव्हे, सामी लोकांच्या भाषांसाठीं. तुम्ही पाणिनीच्या शाळेंतले. तुम्हांला तें काम आवडेल."

पुढील चार आठवडे रोज संध्याकाळीं त्याची व आमची हीच चर्चा चालली. आमचें इंग्रजी मॅट्रिकपुढें गेलेलें नाहीं. यंत्रविद्येची तर ओळखहि नाहीं. परंतु जें ऐकलें व पाहिलें त्यांत आमच्यासारख्या जुन्या शिक्षकानें विचार करावा असें पुष्कळ होतें, म्हणून तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम या लोकांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. सामी हे नॉर्वे, स्वीडन, फिनलंड यांच्या उत्तर भागांत व रशियाच्या कोला द्वीपकल्पांत राहणारे तेथील मूळचे रहिवासी. मासेमारी व रेनडियरचे कळप पाळणें हे त्यांचे जुने व्यवसाय. त्यांची भाषा नॉर्वेजियन किंवा स्वीडिश यांच्या कुळांतली नव्हे. तिचें नातें फिनिशशीं व दूरचें हंगेरियनशीं. सामी भाषा एक नसून अनेक आहेत. त्यांतली मोठी ती उत्तर सामी. तिच्या बोलणारांची संख्या सुमारें वीस-पंचवीस हजार, म्हणजे आपल्याकडील एखाद्या लहान तालुक्याच्या गांवाएवढी! इनारी सामीसारख्या भाषांचे बोलणारे तर कांहीं शेंच उरले आहेत.

ही संख्या इतकी घटली याचें एक मोठें कारण शाळा हें होय. नॉर्वेंत १८८० सालीं शाळाखात्याची सूचना निघाली कीं, सामी मुलांनीं नॉर्वेजियन भाषाच बोलावयास, वाचावयास व लिहावयास शिकलें पाहिजे. हें धोरण दुसऱ्या महायुद्धानंतरहि बरींच वर्षें रेंगाळलें. मुलें वसतिगृहांत राहत, आणि घरची भाषा वर्गाच्या बाहेर ठेवून आंत येत. कित्येक पिढ्या अशा गेल्या कीं, त्यांना मातृभाषा बोलतां येई, पण लिहितां येत नसे. उत्तर सामीसाठीं तिन्ही देशांत चालेल अशी एक लेखनपद्धति ठरली ती १९७९ सालीं. १९९७ सालीं नॉर्वेच्या राजांनीं सामी संसदेंत या अन्यायाबद्दल क्षमा मागितली व २०२४ सालीं त्या देशाच्या संसदेनेंहि मागितली. पण क्षमा मागितल्यानें हरवलेलें शुद्धलेखन परत येत नाहीं. आजी लिहावयास शिकली नाहीं, आई शिकली नाहीं, आणि आतां मुलगी कचेरींत बसून सामींत पत्र लिहूं पाहते तेव्हां तिनें शंका विचारावी तरी कोणाला? या मुलीच्या शेजारीं बसून तिला मदत करणारें यंत्र हवें, अशी ती निकड होती.

आतां असें यंत्र करावें कसें? शब्दांची यादी करून भागत नाहीं. सामींत एकेका नामाचीं विभक्ति, वचन व स्वामित्वदर्शक प्रत्यय मिळून शेंकडों रूपें होतात, क्रियापदांचीं तर विचारूं नये. शिवाय प्रत्यय लागतांना शब्दाचें पोट बदलतें. मासा म्हणजे 'गुओल्ली'. पण षष्ठींत त्याचें 'गुओली' होतें, मधला जोड 'ल' सुटा होतो. घर म्हणजे 'विएस्सु', त्याची षष्ठी 'विएसु'. हें ऐकतांच आम्हांस महाभाष्यांतील ती कथा आठवली. बृहस्पतीसारखा गुरु, इंद्रासारखा शिष्य आणि देवांचीं सहस्र वर्षें हाताशीं असतां एकेक शब्द घेऊन शिकविण्यास आरंभ झाला, तरी शब्दांचा अंत लागला नाहीं. म्हणून पतंजलि म्हणतात कीं, सामान्य नियम सांगावा, मग त्याचा अपवाद सांगावा. थोड्या श्रमांत शब्दांचा महासागर तरून जातां येतो. पाणिनीनें सुमारें चार हजार सूत्रांत तेंच केलें.

ट्रोम्सोच्या मंडळींनींहि मार्ग हाच धरला. हेलसिंकी येथील किम्मो कोस्केन्निएमी यांनीं १९८३ सालीं शब्दाचें मूळ रूप व लिहिलेलें रूप यांना जोडणाऱ्या नियमांची एक पद्धत मांडली होती. तिच्या आधारानें धातु व प्रातिपदिकें एकीकडे, प्रत्यय दुसरीकडे आणि मधले संधिविकार तिसरीकडे, अशी मांडणी करतां येते. मग यंत्र दोन्ही दिशांनीं चालतें: 'गुओली' दिलें तर तें 'गुओल्ली, एकवचन, षष्ठी किंवा द्वितीया' असें सांगतें, आणि उलट मागितलें तर रूप बनवूनहि देतें. सामी संसदेच्या पुढाकारानें सुरू झालेल्या या कार्याचें पहिलें फळ म्हणून २००७ सालीं उत्तर व लूले या दोन सामी भाषांचे शब्द तपासणारीं यंत्रें लोकांस विनामूल्य मिळालीं. २०११ पासून हें काम ट्रोम्सो विद्यापीठांत चालतें.

परंतु शब्द शुद्ध असले म्हणजे वाक्य शुद्ध होतें असें थोडेंच आहे! संस्कृतचा पहिलीचा विद्यार्थी 'आवां स्मः' असें लिहितो. 'आवाम्' शुद्ध, 'स्मः' शुद्ध. पण दोघांचा कर्ता व बहुवचनी क्रियापद यांचें लग्न लागत नाहीं. तेथें 'स्वः' पाहिजे. मौज अशी कीं, मराठीनें टाकून दिलेलें द्विवचन सामीनें सर्वनामांत व क्रियापदांत जपून ठेविलें आहे. 'आम्ही दोघे आहों' याला 'मोआय लेत्ने', व 'आम्ही सगळे आहों' याला 'मी लेआत'. (त्यांचा 'मी' बहुवचनी, हें ऐकून स्वतःस 'आम्ही' म्हणविणाऱ्या आमच्यासारख्या लेखकास बरें वाटलें.) आतां घाईंत कोणी 'मोआय लेआत' लिहिलें तर शब्दांचें यंत्र मुकाट राहील. तसेंच 'दोन' या शब्दापुढें सामींत नामाचें बहुवचन येत नाहीं. एकवचनी षष्ठीचें रूप येतें: 'गुओक्ते गुओली', दोन मासे. नॉर्वेजियन शाळेंत वाढलेला माणूस तेथें बहुवचनी 'गुओलित' लिहून बसण्याचा संभव. हाहि शब्द एकटा पाहिला तर निर्दोषच. अशा चुका धरावयाच्या तर वाक्य वाचतां आलें पाहिजे.

यंत्रानें वाक्य वाचावयाचें कसें, याची युक्ति हेलसिंकीच्याच फ्रेड कार्लसन यांनीं १९९० सालीं मांडली. ती आमच्या बहिणीच्या नातवानें मराठी उदाहरणानें समजाविली, तीच येथें देतों. 'वर' हा शब्द घ्या. 'मांजर वर चढलें', 'वधूनें वर पसंत केला', 'देवानें वर दिला'. एकाच रूपांत एक क्रियाविशेषण व दोन नामें बसलीं आहेत. यंत्र प्रथम प्रत्येक शब्दाचे संभवतील तितके सर्व अर्थ त्याच्याखालीं मांडतें. मग एकेक नियम येतो व शेजारच्या शब्दांकडे पाहून न बसणारा अर्थ खोडतो. पुढें 'चढणें' आहे, तर नवरदेव खोडा. क्रियापद 'देणें' असून दुसरें कर्म नाहीं, तर 'उंच' हा अर्थ खोडा. अमुकच खरें असें एकदम सांगावयाचें नाहीं. खोटें तें काढीत जावयाचें. आणि यांत एक मर्यादा अशी घातलेली आहे कीं, कोणत्याहि नियमानें शेवटचा उरलेला अर्थ खोडतां कामा नये. शब्दाला कांहींच अर्थ नाहीं, असें म्हणण्याचा अधिकार यंत्राला नाहीं. ही मर्यादा ऐकून आम्ही क्षणभर स्तब्ध झालों. कां, तें पुढें येईल.

अर्थ निवडून झाले म्हणजे चुकांचे नियम लागतात. 'कर्ता मोआय आहे, क्रियापद बहुवचनी आहे, मध्यें दुसरा कर्ता आलेला नाहीं. तर खूण कर, आणि द्विवचनी रूप सुचीव.' याच रीतीनें तोडून लिहिलेले सामासिक शब्द पकडतात. आपल्याकडे 'घरासमोर' हा शब्द 'घरा समोर' असा लिहिण्याची जी साथ आली आहे, त्यांतलाच हा रोग. असें उत्तर सामीचें व्याकरण तपासणारें यंत्र २०१९ च्या सुमारास लोकांच्या हातीं आलें. त्याचे नियम उघडे आहेत. कोणासहि वाचतां येतात, आणि चूक दिसल्यास दाखवितां येते. त्याच सांच्यावर फेरो बेटांची भाषा, ग्रीनलंडची भाषा, कॅनडांतील मूळ रहिवाशांची क्री भाषा यांचींहि साधनें तयार होत आहेत.

येथें एक रास्त शंका निघते. हल्लीं अशीं यंत्रें आलीं आहेत कीं, तीं कोट्यवधि वाक्यें वाचून आपलीं आपणच भाषा शिकतात. मग नियम लिहिण्याची ही माथेफोड कशाला? उत्तर असें कीं, कोट्यवधि वाक्यें आणावयाचीं कोठून? आणि आणलीं तरी, ज्यांना शाळेनें लिहावयास शिकविलें नाहीं त्यांच्याच हातचीं तीं असणार. त्यांतल्या चुका वाचून शिकलेलें यंत्र चुकीलाच रीत समजेल. २०२१ सालीं ट्रोम्सोच्या संशोधकांनीं तुटक समासांपुरती दोन्ही प्रकारांची तुलना करून पाहिली. शिकणाऱ्या यंत्रासाठीं शुद्ध वाक्यें पुरेशीं नव्हतीं, म्हणून नियमांच्याच यंत्राकडून सदोष वाक्यें निवडून काढविलीं, व शुद्ध समास मुद्दाम तोडून चुकांचा पाठ तयार करविला. म्हणजे धाकट्याचा पंतोजी थोरलाच! निकाल असा लागला: नियमांच्या यंत्रानें मारलेल्या शंभर खुणांपैकीं सुमारें ८१ खऱ्या, शिकलेल्याच्या सुमारें ७९. उलट, होत्या तितक्या चुका हुडकण्यांत शिकलेलें यंत्र पुढें. त्यानें शेंकडा सुमारें ९८ पकडल्या. तात्पर्य, दोघांचेहि उपयोग आहेत. नियमांचें काम मंदगतीचें, जाणत्या माणसांचीं वर्षें खाणारें, आणि अर्थ न कळतां रूपावर चालणारें आहे, हें तेहि लोक लपवीत नाहींत.

शिक्षकाच्या दृष्टीनें यांत मोलाचा आंकडा पहिला. शंभर खुणांपैकीं वीस खोट्या निघाल्या तर काय होतें? इंग्रजी लिहिणारा माणूस खोटी खूण पाहून हंसतो व पुढें जातो. आपली भाषा आपणांस येते, याविषयीं त्याची खात्री असते. पण ज्याला शाळेनें 'तुझी भाषा लिहिण्याजोगी नाहीं' असें शिकविलें, तो खोट्या खुणेवरहि विश्वास ठेवतो. आपलेंच चुकलें असें समजून तो बरोबर वाक्य मोडतो. पुढच्या वेळीं नॉर्वेजियनमध्यें लिहून मोकळा होतो. म्हणून शंका असल्यास खूण करूं नये, याकडे ती मंडळी कल ठेवतात.

आणखी एक गोष्ट त्यानें दाखविली. त्यांच्याकडे शब्द ओळखणारीं यंत्रें दोन तऱ्हेचीं असतात. एक नियामक, तें प्रमाण रूपच मान्य करतें. दुसरें वर्णनात्मक, लोक प्रत्यक्ष जें लिहितात तें, अप्रमाण रूपें धरून, तें ओळखतें व त्या रूपांवर तसा शिक्का मारतें. खूण करणाऱ्या यंत्राच्या पोटांत हें दुसरें असावें लागतें. समोरचा शब्द काय आहे हेंच ज्याला कळलें नाहीं, तो त्याची दुरुस्ती काय करणार! आधीं ओळख, मग दुरुस्ती.

हें ऐकलें आणि पस्तीस वर्षांपूर्वीची एक वही डोळ्यांपुढें आली. आम्ही तेव्हां दक्षिण कोंकणांतल्या एका खेड्यांत शिक्षक होतों. सातवीच्या वर्गास 'माझी आई' हा निबंध दिला होता. एका मुलानें वर मथळा घातला, 'माझी आवस'. खालीं दोन पानें भरून मजकूर. पहांटे व्हाळावर जाणारी, काजूच्या दिवसांत बोटें चिकानें जळलेली, बापूस मुंबईस असल्यामुळें पत्र वाचून घेण्यासाठीं शेजारीं जाणारी अशी ती त्याची आवस. आम्हीं तें वाचलें असें आतां म्हणवत नाहीं. आम्हीं तें तपासलें. पहिल्या ओळीपासून तांबडी शाई सुरू झाली. 'आवस' खोडलें. 'आवशीक' खोडून 'आईला' केलें. 'माका' खोडलें. शेवटीं शेरा दिला: 'भाषा अशुद्ध. पुन्हां लिही.'

मुलानें पुन्हां लिहिलें. आठ वाक्यें. 'माझी आई प्रेमळ आहे. ती पहांटे लवकर उठते. ती खूप काम करते.' एकहि चूक नव्हती. आम्हीं दहापैकीं सात गुण दिले. त्या आठ वाक्यांत काजूचा चीक नव्हता, व्हाळ नव्हता, शेजारच्या घरीं नेलेलें पत्र नव्हतें. कोणाचीहि आई चालली असती. पुढें दोन वर्षें तो आमच्या वर्गांत होता. आठ वाक्यांपलीकडे त्यानें कधीं लिहिलें नाहीं. नंतर तो मुंबईस गेला एवढें कानावर आलें.

आज शांतपणें पाहतों तों 'आवशीक' या रूपांत अशुद्ध काय होतें? मालवणींत चतुर्थीचा प्रत्यय 'क' आहे. 'माका', 'तुका' यांत तोच. मुलानें आपल्या बोलीचा नियम बिनचूक पाळला होता. नियम आम्हांस ठाऊक नव्हता, आणि जें आमच्या यादींत नाहीं तें चूक असें समजून आम्ही रेघ ओढून मोकळे झालों. गेल्या दिवाळींत ज्या यंत्राचा आम्हांस राग आला, तें यंत्र त्या वर्गांत आम्हीच होतों. फरक इतकाच कीं, आमची रेघ पुसली जात नसे.

यावरून प्रमाण भाषा शिकवूं नये असा अर्थ कोणी काढूं नये. ज्या मुलाला पुढें अर्ज लिहावयाचे, परीक्षा द्यावयाच्या, त्याला 'आईला' हें रूप आलेंच पाहिजे. तें न शिकविणें हा दुसऱ्या तऱ्हेचा अन्याय. सामी मंडळीहि प्रमाण रूप सुचवितातच. पण 'हा शब्द आम्ही ओळखतों. तो अमुक बोलींतला, अमुक विभक्तींतला. प्रमाण लेखनांत त्याऐवजीं अमुक लिहितात' हें सांगणें वेगळें, आणि नुसती तांबडी रेघ ओढणें वेगळें. पहिल्यानें मुलाजवळ दोन शब्द होतात. दुसऱ्यानें असलेला एकहि जातो.

मुलगा परत जातांना सांगून गेला, "आजोबा, यंत्र करणाऱ्यांना नियम लिहिणारे कसेतरी मिळतात. मिळत नाहींत तीं खरीं चुकलेलीं वाक्यें, आणि तीं कां चुकलीं हें सांगणारा माणूस. तुमच्यासारख्यांनीं तेवढें लिहून ठेवलें तरी पुष्कळ." त्याच दिवशीं आम्हीं बाजारांतून एक जाड वही आणविली. पानावर तीन रकाने आंखले आहेत. पहिल्यांत वाक्य, जसें लिहिलें गेलें तसें. दुसऱ्यांत प्रमाण रूप व त्याचा नियम. तिसरा रकाना मागाहून सुचला. त्यांत 'तें रूप कोणत्या बोलींत बरोबर, व तेथील नियम कोणता' हें लिहावयाचें. दुसरा रकाना भराभर भरतो. तिसऱ्यासाठीं मात्र विचारीत हिंडावें लागतें, कारण तो आम्हीं जन्मांत कधीं भरला नव्हता.

वाचकांच्या घरीं आजी असेल, कोंकणांतली, वऱ्हाडांतली, खानदेशांतली. स्वयंपाक सांभाळणारी बाई असेल, तिची बोली निराळी असेल. त्यांच्या तोंडचें एखादें रूप कानांस चमत्कारिक लागलें तर तें सुधारण्यापूर्वीं त्याचीं सख्खीं भावंडें कोणतीं, हें त्यांनाच विचारावें, आणि लिहून ठेवावें. आमच्या वहींतला पहिला शब्द 'आवशीक' हा आहे. त्यापुढें दुसऱ्या रकान्यांत 'आईला' लिहिलें आहे, आणि तिसऱ्यांत, 'मालवणी; चतुर्थी, एकवचन; बरोबर'.